ढाळ कुठल्या अंगाला

७ मार्च

मामा,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं जुळवतोस, म्हणून पत्र. गेल्या वेळी मी "बढती मिळाली" म्हणाले आणि तू मामीला सांगितलंस, "तिला सर्दी झालीय." मामीनं लगेच काढ्याची कृती कळवली.

तर सर्दी नाही, बढती. शहरातल्या मोठ्या बागेच्या मागची अख्खी टेकडी आता माझ्या ताब्यात आहे. वर झाडी, खाली तळं, आणि मधे माझी कचेरी. कचेरी म्हणजे पत्र्याची खोली, एक डुगडुगणारं टेबल, चार फावडी आणि भिंतीवर टेकडीचा नकाशा. नकाशावर तीन वाटा आहेत. मी पहिल्या आठवड्यात टेकडी पायी मोजली, तर सव्वीस भरल्या. उरलेल्या तेवीस सायकलवाल्यांनी पाडल्यात.

या सायकली तुझ्या सायकलीसारख्या दूध आणायच्या नाहीत. जाड टायर, डोक्यावर हेल्मेट, आणि टेकडीच्या माथ्यावरून दगडाधोंड्यांतून थेट खाली. माणसं वाईट नाहीत रे. पण एकानं चिखल चुकवायला सायकल बाजूनं काढली की दुसरा त्याच्याही बाजूनं काढतो, आणि दोन हातांची वाट आठ हातांची होते. करकचून ब्रेक दाबत उतरतात, माती सुटते, पाऊस आला की ती सगळी तळ्यात. तळ्याचं पाणी चहासारखं झालंय. झाडांची मुळं उघडी पडलीत. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांनी टेकडीची एक बाजूच सोडून दिलीय.

उद्यान समिती म्हणते, सायकली कायमच्या बंद करा. मी बैठकीत उभी राहिले. म्हटलं, बंदीची पाटी लावाल तर उद्या त्याच पाटीवरून उड्या मारतील. त्यापेक्षा तेवीस वाटा मिटवू आणि एक पक्की बांधून देऊ. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, अजून माणसाकडे उत्तरपत्रिकेसारखं बघतात. म्हणाल्या, "पाचशे पावलं बांधून दाखवा. एक मोठा पाऊस जाऊ दे. तळ्यात माती आली, तर टेकडी सायकलींना बंद, आणि तुम्ही खाली फुलांच्या ताटव्यांवर."

मामा, मला ताटव्यांवर नाही जायचं. टेकडी मला मिळालीय आणि मी ती सोडणार नाही. सगळे म्हणतात, सायकलवाल्यांनी टेकडीची वाट लावली. मी म्हणते, टेकडीला वाटच कुणी दिली नव्हती.

तू जन्मभर डोंगरातले रस्ते केलेस. सांग, वाट पावसात टिकते कशानं?

तुझी भाची


१५ मार्च

चिवटे,

सर्दी मिळाल्याबद्दल अभिनंदन. मामीचा काढा तरीही घे, वाया जायला नको.

जन्मभर म्हणजे नेमकी अडतीस वर्षं. त्यातली सत्तावीस मुकादम म्हणून. मुकादमाची वर्षं मोघम सांगू नयेत.

आता कान देऊन ऐक, म्हणजे डोळे देऊन वाच. वाट चाकानं मोडत नाही, पाण्यानं मोडते. चाक नुसतं खरवडतं, पाणी उचलून नेतं. तेव्हा आधी पाण्याचं बघ. डोंगरात वाट कापताना ढाळ आतल्या अंगाला ठेवायचा. आतल्या म्हणजे डोंगराच्या कुशीकडे, दरीकडे नाही. पाणी डोंगराच्या पोटाशी चालवायचं आणि पुढं कुठंतरी काढून द्यायचं. गाडी घसरलीच तर डोंगराला टेकते, दरीत जात नाही. ढाळ आत तर माणूस सुखात. हे माझ्या उस्तादानं मला सांगितलं, मी शेकडो माणसांना सांगितलं, आज तुला सांगतो. पाणसळ लावून तिचा बुडबुडा बघ, दर हातामागं एक बोट ढाळ आत. त्यात तसूभर फरक करू नकोस.

मध्येच कुणी दीडशहाणा वेगळं सांगायला आला, तर त्याला माझा पत्ता दे.

मामा

ता. क. मी मामी. यांनी हे पत्र मला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी यांना कामाचं काही विचारलं. असंच विचारत जा.


२६ एप्रिल

मामा,

झाली पाचशे पावलं! पाच आठवडे लागले. हात असे सोलवटलेत की हे पत्र दोन बैठकांत लिहितेय.

गंमत म्हणजे माझ्या हाताखाली खोदायला कोण आलं? तेच, वाटा पाडणारे. मी टेकडीच्या पायथ्याशी उभी राहून एकेकाला अडवलं आणि म्हटलं, "फावडं घ्या, नाहीतर सायकल विकायला काढा." पहिल्या रविवारी तिघं आली, शेवटच्या रविवारी एकोणीस. त्यांची म्होरकी एक बेकरीवाली आहे. पहाटे पाव भाजते, सकाळी टेकडीवर येते, दुपारी झोपते. हात असे की फावडं तिच्या हातात चमच्यासारखं दिसतं. जीभ फावड्यापेक्षा धारदार.

तिचं आणि माझं एकदाच वाजलं. ढाळावरून. म्हणाली, "ताई, हा ढाळ मला उलटा वाटतो. माझा भट्टीतला ट्रे भिंतीकडे कलला ना, की तूप सगळं एका कडेला जमतं आणि तिथलाच पाव करपतो. पाणी आत कशाला साठवायचं? बाहेर सांडू दे ना, जागच्या जागी, थोडं थोडं."

मी सरळ तुझं पत्र खिशातून काढून तिच्यासमोर धरलं. म्हटलं, ज्या माणसानं अडतीस वर्षं डोंगर कापलाय, त्याच्यापेक्षा तुला जास्त कळतं का? ती गप्प बसली. म्हणजे तोंडानं गप्प बसली, भुवया बोलतच होत्या. पण काम तिनं सगळ्यांत नेटानं केलं. पाणसळ मी स्वतः दर पाच पावलांवर लावली. दर हातामागं एक बोट, आत.

तेवीसपैकी नऊ वाटांवर काटक्या आणि ओंडके टाकलेत, वर गवत पेरलंय. आता येऊ दे पाऊस.

तुझी भाची


३ मे

चिवटे,

शाब्बास! पत्र घेऊन मी न्हाव्याकडे गेलो, तिथून चहावाल्याकडे, तिथून दाताच्या डॉक्टरकडे. दात दुखत नव्हता, पण त्यालाच एकट्याला सांगायचं राहिलं होतं.

बेकरीवालीला माझा निरोप दे. म्हणावं, पाव तू भाज, पाण्याचं आम्ही बघतो. ट्रेमधलं तूप आणि डोंगरातलं पाणी यांत फरक असतो. बाकी पोरगी कामाची दिसते. कामाच्या माणसाला मतं असतातच, ती ऐकून घ्यायची आणि सोडून द्यायची.

मामा


१८ जून

मामा,

पाऊस झाला, तीन दिवस सलग. सगळं ठीक आहे. मी मजेत. मामीला सांग, काढा संपला.

तुझी भाची


२४ जून

चिवटे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तार म्हणावी.

शाळेत गणितात नापास झालीस तेव्हाही तू घरी येऊन "मी मजेत" म्हणाली होतीस. जी बाई बेकरीवालीच्या भुवयांवर ओळी खर्चते, ती तीन दिवसांच्या पावसाला दोन शब्दांत उरकते? मला ऐकू कमी येतं, वाचता चांगलं येतं.

वाट गेली का? खरं सांग. मुकादमाला वाईट बातमी उशिरा कळवणं म्हणजे आणखी एक दरड पाडणं. किती पावलं गेली, कुठून गेली, पाणी कुठल्या बाजूला होतं, चित्र काढून पाठव. तुझं चित्र वाईट असतं हे माहीत आहे, तरी पाठव.

मामा

ता. क. मी मामी. हे चार रात्री नीट झोपले नाहीत आणि मला सांगतात की उशी वाईट आहे.


१ जुलै

मामा,

तर ऐक.

पाचशे पावलांपैकी धड एकही राहिलं नाही. पहिल्या दिवशी पाणी डोंगराच्या पोटाशी जमलं, तू म्हणाला होतास तसंच. मी खूश. दुसऱ्या दिवशी कडेचा पालापाचोळा आणि माती घसरून त्यात पडली, पाणी तुंबलं, आणि मग ते वाट धरूनच खाली धावायला लागलं. बाहेर जायला त्याला जागाच नव्हती, बाहेरची कड आपणच उंच ठेवली होती ना! वाट म्हणून बांधली आणि ओढा झाला. मधोमध गुडघाभर घळ पडलीय. सगळी माती तळ्यात. या टेकडीवर तेवीस वाटांनी मिळून केलं नसेल एवढं माझ्या एका वाटेनं केलं.

त्या तिसऱ्या दिवशी बेकरीवाली माझ्या शेजारी उभी होती, नखशिखान्त भिजलेली. मला वाटलं, आता म्हणेल, "सांगितलं होतं." तिनं नुसता बुटानं बाहेरच्या कडेला एक चर पाडला, आणि तेवढं पाणी मुकाट्यानं गवतात निघून गेलं. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं सांगू? मी तुझ्यावर रागावले. खूप रागावले. एवढ्या खात्रीनं सांगितलंस, आणि मी एवढ्या खात्रीनं ऐकलं. मग स्वतःवर रागावले, कारण समोर उभं राहून एक माणूस बरोबर सांगत होतं आणि मी तिच्या तोंडावर तुझं पत्र फडकावलं. मी तुला लिहिलं नाही, कारण तू न्हाव्याला सांगितलं होतंस. तो आनंद मला मोडवत नव्हता.

समिती सत्तावीस तारखेला टेकडीवर येणार आहे. मी ठरवलंय की त्यांना स्वच्छ सांगायचं, ढाळ चुकला आणि तो निर्णय माझा होता. तुझं नाव मी घेणार नाही. बेकरीवालीलाही तसं बजावलंय. तू यात पडू नकोस.

चित्र सोबत आहे. बाण म्हणजे पाणी. जे उंदरासारखं दिसतंय ते तळं.

तुझी भाची


७ जुलै

चिवटे,

तुझं पत्र वाचलं आणि मी परसात गेलो. मातीचा ढीग केला, त्याला कडेकडेनं वाट कापली, ढाळ आत ठेवला आणि झारीनं पाणी ओतलं. मामी दारात उभी राहून विचारत होती, काय पेरताय? मी म्हटलं, अक्कल. पाणी गेलं तुझ्या उंदराकडे, बाणाबरहुकूम. मग दुसरी वाट कापली, ढाळ बाहेर. ओतलं पाणी. ते वाटेवरून आडवं गेलं, पातळ होऊन, आणि वाट जागच्या जागी. चार वेळा करून बघितलं. चारही वेळा बेकरीवाली बरोबर.

मग मी ढिगाशेजारी पायरीवर बसलो आणि विचार केला की आमचे रस्ते मग टिकले कसे?

टिकले, कारण आमच्या रस्त्याला आतल्या बाजूनं दगडी गटार होतं. आणि गटारामागं बारा माणसं होती. रोज सकाळी फावडी घेऊन ती गटार उपसायची. पाला, माती, दगड, सगळं. एक दिवस खाडा झाला तर माझा आवाज पलीकडच्या डोंगरात ऐकू जायचा. अडतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की रस्ता ढाळानं टिकतो. रस्ता त्या बारा माणसांनी टिकवला. तुला मी ढाळ सांगितला आणि माणसं सांगायला विसरलो. ती इतकी रोजची होती की मला दिसलीच नाहीत.

मी चुकलो, पोरी. पूर्ण चुकलो. हे लिहायला मला तीन कागद लागले, पण लिहिलं.

आता रडत बसू नकोस. हातात वीस दिवस आहेत, पत्र पोचेपर्यंत सोळा राहतील. तळ्याच्या बाजूनं सुरू कर आणि वर जा, म्हणजे जेवढं होईल तेवढं तळं वाचेल. ओल्या मातीला हात लावू नकोस, उघडीप मिळाली की तुटून पडा. ढाळ बाहेर. दर तीस पावलांवर वाट जराशी खाली उतरवून पुन्हा वर घ्या, म्हणजे पाण्याला वाट धरून धावायची सवयच लागणार नाही. आणि पाणसळ बेकरीवालीच्या हातात दे. तुझ्या नको, माझ्या सांगण्यावरून तर मुळीच नको.

तिच्यासाठी वेगळा निरोप: पाव भाजताच आहात, पाण्याचंही तुम्हीच बघा.

तू म्हणतेस मी यात पडू नये. बरं.

मामा


२९ जुलै

मामा,

"बरं" म्हणे! तुझ्या त्या "बरं"वर मी विश्वास ठेवला, हीच माझी दुसरी चूक.

पण क्रमानं सांगते. सोळा दिवसांत उघडीप मिळाली सहा दिवस. बेकरीवालीनं भट्टी भावावर सोपवली. एकोणीस जण होते ते तेवीस झाले. सकाळी फिरायला येणारे एक आजोबा, ज्यांनी सायकली बंद करा म्हणून सगळ्यांत मोठी ओरड केली होती, ते पहिल्या दिवशी चुका काढायला आले आणि चौथ्या दिवशी घमेलं उचलत होते. बेकरीवाली पाणसळ लावायची आणि मला ओरडायची, "ताई, बाहेर! अजून बाहेर! सवय सोडा!" मी गुमान ऐकत होते. तरीही पाचशेपैकी तीनशेच पावलं झाली. वरची दोनशे तशीच राहिली, घळ पडलेली.

सत्तावीस तारखेला पहाटेपासून धो धो. समितीची सात माणसं, सात छत्र्या. पुढं अध्यक्षबाई, पायात कॅनव्हासचे बूट. मला वाटलं होतं त्या खालूनच परत फिरतील. कसलं काय, चढायलाच लागल्या.

तीनशे पावलं, मामा! पाणी वाटेवरून आडवं जात होतं, पातळ, एकसारखं, आणि गवतात मुरत होतं. कुठं डबकं नाही, कुठं चर नाही. बेकरीवाली सायकलवरून वरून खाली आली आणि मागं फक्त टायरची नक्षी राहिली, तीही पाण्यानं पुसून टाकली. मग अध्यक्षबाईंनी तीनशे एकावं पाऊल टाकलं आणि घोट्यापर्यंत चिखलात गेल्या.

बूट तिथंच राहिला. त्या एका पायावर उभ्या. "हे काय आहे?"

मी म्हटलं, "ही माझी चूक आहे बाई. आत्ता चढून आलात ती तिची दुरुस्ती. चूक पूर्ण मोडायला वेळ पुरला नाही, म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी दिसतायत. ढाळ आत ठेवायचा निर्णय माझा होता, दुसऱ्या कुणाचाही नाही."

बाईंनी बूट उपसला, घातला, आणि पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. म्हणाल्या, "पण ही चूक तर आधीच कुणीतरी आपल्या नावावर केलीय." आणि पावसात उभं राहून, शाळेत धडा वाचावा तसं त्यांनी वाचलं. "मी या मुलीचा मामा. ढाळ मी चुकीचा सांगितला. तिनं मोठ्या माणसाचं ऐकलं, एवढाच तिचा दोष. शिक्षा करायची तर मला करावी, मात्र मला ऐकू कमी येतं, मोठ्यानं करावी."

मामा, मी तिथंच रडले. छत्री असूनही सगळं तोंड ओलं झालं आणि पावसावर ढकलायची सोय राहिली नाही.

अध्यक्षबाई समितीकडे वळल्या. म्हणाल्या, "अकरा वर्षं मी या समितीवर आहे. चुका पुष्कळ पाहिल्या, सगळ्या बेवारशी. एका चुकीसाठी दोन माणसं भांडतायत हे आज पहिल्यांदा बघतेय. टेकडी यांच्याकडेच राहू दे."

ठराव झाला. उरलेली दोनशे पावलं बांधायची आणि पुढं माथ्यापर्यंत न्यायची. बाकीच्या सगळ्या वाटा मिटवायच्या. मोठ्या पावसानंतर माती वाळेपर्यंत सायकल बंद. आणि तुझ्या बारा माणसांसारखी माणसं मी मागून घेतली. सायकलवाल्यांनी वाट आपसांत वाटून घेतलीय, ज्याची त्यानं दर आठवड्याला बघायची. फिरणाऱ्या आजोबांनीही तीस पावलं मागितली. तळं अजून गढूळ आहे, ते निवळायला वेळ लागेल. पण मी इथं आहे, निवळेपर्यंत बघायला.

एकच भांडण उरलंय. इतिवृत्तात चूक कुणाची ते लिहायचं होतं. मी म्हटलं, माझं नाव घाला. बाई म्हणाल्या, दोघांचंही घालणार. मी हुज्जत घातली, त्यांनी मला "खाली बसा" म्हटलं. चिखलात!

विचारल्याशिवाय पुन्हा असलं पत्र पाठवलंस तर याद राख. आणि ये ना एकदा.

तुझी भाची


५ ऑगस्ट

चिवटे,

गुरुवारी सकाळच्या गाडीनं पोचतो. मामी येतेय, झारी घरी ठेवतोय. बेकरीवालीला विचारून ठेव, एवढ्या वयाचा शिष्य चालेल का. दोनशे पावलं उरलीत ना, त्यातली पाच मला माझ्या हातानं बाहेरच्या ढाळावर बांधायची आहेत. ती ओरडली तरी चालेल. उलट मोठ्यानंच ओरडावं.

न्हावी, चहावाला आणि दाताचा डॉक्टर, तिघांनाही जाऊन सांगितलं की मी चुकलो होतो. न्हावी म्हणाला, पहिल्यांदाच ऐकतोय. मी म्हटलं, मीही.

आणि त्या इतिवृत्ताचं. बाईंचा निर्णय मला मान्य आहे, पण माझं नाव आधी घालायला सांग. वयानं आणि चुकीनं, दोन्हीकडून मी थोरला.

मामा